आयतं ताट, समोर समुद्र

मॉरिशसमधल्या पाचव्या दिवशी सकाळी उठल्यावर मी रोजच्यासारखी उजव्या हाताची मूठ वळून पाहिली आणि अंगठा दुखला नाही. ताई बाहेर ओसरीत चहा घेत बसली होती. तिच्यासमोर जाऊन हात धरला. म्हटलं, "बघ, वळतोय." ती म्हणाली, "वळेल नाहीतर काय! पाच दिवसांत लाटणं कुठे धरलंयस?"

गेली २२ वर्षं मी पोळ्या करून विकते. रोजच्या दीड-दोनशे, सणावारी पुरणपोळ्या वेगळ्या. हाताखाली दोघी जणी आहेत, पण लाटायला बहुतेक मीच बसते, कारण गिऱ्हाईक पोळीवरून हात ओळखतं. गेल्या वर्षी अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं आणि दिवाळीपर्यंत ते मनगटावर चढलं. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, खरं औषध एकच, तीन आठवडे कणकेला हात लावायचा नाही. घरात राहून ते मला जमलं नसतं. परात दिसली की हात आपोआप जातो.

ताई ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवून नुकती निवृत्त झाली होती. प्रवाळाची बेटं तिने फळ्यावर शेकडो वेळा काढली, डोळ्यांनी एकदाही पाहिली नव्हती. तिनेच सगळं ठरवलं. मॉरिशस, मे महिना, दहा दिवस. मे म्हणजे तिकडे उन्हाळा आणि चक्रीवादळांचा काळ सरून थंड, कोरडे दिवस सुरू होण्याची वेळ. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावरच शिक्का मिळतो. घड्याळ दीड तास मागे करायचं, की झालं.

पहिल्या दिवशी आम्ही चूक केली. एका टूरवाल्याकडे तीन दिवसांचे पैसे आधीच भरले होते. सकाळी सातला गाडी आली आणि संध्याकाळपर्यंत ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती असं सगळं आमच्या डोळ्यांसमोरून गेलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, उतरा, फोटो, चढा. रात्री ताईचे पाय सुजले आणि मला इतका थकवा आला की जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा ताईने सरळ सांगितलं, आम्ही येत नाही. पैसे बुडाले. त्यानंतर एक दिवस सोडला तर आम्ही आमचा किनारा सोडला नाही.

आमचा किनारा म्हणजे बेटाचा आग्नेय कोपरा. विमानतळापासून जवळ माएबूर नावाचं जुनं गाव आहे. तिथून दक्षिणेला पाँत देस्नीची लांबलचक पांढरी वाळू आणि तिच्या टोकाला ब्लू बे. आम्ही पाँत देस्नीला एका बाईंच्या घरात मागच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. बाई साठीच्या पुढच्या. अख्खी गल्ली त्यांना 'तांतीन' म्हणते, म्हणजे काकी किंवा मावशी. आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांची भाषा क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, थोडी इंग्रजी, आणि हिंदी सिनेमे बघून बघून आलेली हिंदी. आम्हाला तेवढं पुरलं.

पाण्याबद्दल आधी लिहिते, कारण मला पोहता येत नाही आणि तरीही मी रोज दोन दोन तास पाण्यात होते. मॉरिशसला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचं कडं आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आत येतं ते निवलेलं पाणी. किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर पांढरी रेघ दिसते आणि दिवसरात्र तिची घरघर ऐकू येते, लांबच्या रस्त्यावरच्या रहदारीसारखी. पायाशी मात्र पाणी वाटीतल्यासारखं शांत. भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नाही. सकाळी ठेवलेली चप्पल संध्याकाळी जागेवरच सापडते. कमरेएवढ्या पाण्यात बसलं तर मांडीला मांडी लावून बसता येतं. मी तशी बसायचे, हात पाण्यावर सोडून. पाण्याने हात आपोआप वर यायचा. बावीस वर्षांत त्या हाताला कुणी असं उचलून धरलं नव्हतं.

एक सांगून ठेवते. पाण्यात रबरी बूट घालूनच उतरायचं. तळाशी समुद्री साळू असतात, काळ्या काट्यांचे. शिवाय दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो. तो खरंच दगडासारखा दिसतो आणि पाय पडला तर सरळ दवाखाना. तांतीनने पहिल्या दिवशी आमचे पाय बघितले आणि आधी बूट आणून दिले, मग खोलीची किल्ली दिली.

ताईचा आनंद वेगळाच होता. एका सकाळी तिने तांतीनकडून एक वाटी मागून आणली, ओल्या वाळूत उपडी ठेवली आणि मला शिकवायला बसली. ही वाटी म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. वाटीच्या काठाशी तिने शंखांच्या तुकड्यांचं कडं केलं, ते प्रवाळ. मग वाटी हळूहळू वाळूत दाबत गेली आणि कड्यावर तुकडे चढवत गेली. डोंगर खचतो, प्रवाळ वर वाढत राहतं, कारण त्याला उजेड लागतो. वाटी पार गाडली गेल्यावर वर नुसतं कडं उरलं. म्हणाली, "हे झालं कंकणद्वीप. मॉरिशस अजून पहिल्या पायरीवर आहे, डोंगर शाबूत आहे." डार्विन १८३६ मध्ये या बेटावर आला होता, एप्रिलच्या अखेरीस येऊन मेच्या सुरुवातीला गेला, आणि प्रवाळबेटं कशी होतात याचा त्याने त्याच प्रवासात विचार केला, हेही तिनेच सांगितलं. तोपर्यंत शेजारच्या घरातली दोन पोरं येऊन उभी राहिली होती. ताईने वाटी उकरून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी इंग्रजीत. तिचा निवृत्तीनंतरचा पहिला तास.

ब्लू बेला समुद्री उद्यान आहे. तिथे तळाला काच लावलेली होडी मिळते. प्रवाळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फुलकोबीच्या गड्ड्यांसारखं वाटलं, काही मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, काही हरणाच्या शिंगांसारखं. मध्येच निळे-हिरवे मोठाले पोपटमासे येऊन ते खरवडत होते. ते मासे प्रवाळ चावतात आणि त्याची पूड बाहेर टाकतात. या किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी अशीच, प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा होऊन तयार झालेली. हे कळल्यावर मी संध्याकाळी वाळू तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. चाळलेल्या बारीक रव्यासारखी ती.

आता जेवण. खरं तर सगळं यासाठीच लिहायला घेतलं.

पोळीवालीच्या घरात सगळ्यात शेवटी जेवते ती पोळीवाली. सगळ्यांना तव्यावरची, तिला डब्यातली. मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, आमच्या धंद्याचा तो नियमच आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी तांतीनने ओसरीतल्या टेबलावर ताट आणून ठेवलं आणि "बसा" अशी खूण केली, तेव्हा मला काय करावं कळेना. उठून मदतीला गेले. तिने खांद्याला धरून परत बसवलं. ताटात भात, काळ्या मसुरासारख्या डाळीचं दाट वरण, त्याला इथे 'लांती' म्हणतात, एका बाजूला पाल्याचा पातळ रस्सा, आणि मधोमध टोमॅटोचं 'रुगाय'. रुगाय म्हणजे कांदा, लसूण, आलं, मिरची आणि छोटे टोमॅटो परतून केलेला रस्सा. पण त्यात थाइम नावाची फ्रेंचांची वनस्पतीही असते आणि वरून कोथिंबीरही. पहिल्या घासाला वाटतं ओळखीचं आहे, दुसऱ्या घासाला वाटतं नाही. मी तीनदा भात घेतला.

रोज सकाळी पावात भरलेले 'गातो पिमाँ'. डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची, आणि लिंबाएवढे गोळे तळायचे. डाळवडाच, फक्त छोटा. गरम पाव मधोमध कापून, आत लोणी लावून, त्यात ते चार-पाच दाबून बसवायचे. समोर सूर्य समुद्रातून वर येत असतो, कारण आमचा किनारा पूर्वेकडचा, आणि हातात तो पाव. सोबत व्हॅनिलाच्या वासाचा तिथलाच चहा.

विंदायबद्दल नीट सांगते, कारण ते मी जवळ उभं राहून बघितलं. विंदाय हे नाव पोर्तुगीजांच्या लसूण-व्हिनेगरच्या पदार्थावरून आलंय, आपल्या विंदालूचं तेच मूळ. पण मॉरिशसचं विंदाय चवीला मोहरीचं. तांतीनकडे ट्यूना आला होता. तिने बोटभर जाडीचे तुकडे मीठ-हळद लावून तळून घेतले, चांगले करकरीत. मग मोहरी वाटायला तिने मागच्या दारातला दगड धुतला. बघते तर पाटा! तसाच, आमच्या आजीकडे होता तसा, मधोमध झिजून खोलगट झालेला. तिथे त्याला 'रॉस कारी' म्हणतात, कालवणाचा दगड. आणि वरवंट्याला काय म्हणतात? 'बाबा'. बाळ. दगडाचं बाळ.

मी ताईला हाक मारली. आपल्याकडे बारशाला वरवंट्यालाच अंगडं-टोपडं घालून बाळाआधी पाळण्यात घालतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या'. कुणी कुणाला सांगितलं असेल? मी तांतीनला हातवाऱ्यांनी समजावलं, वरवंटा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून झुलवला. ती हसली नाही. दोन्ही हात पुढे करून तिने तो माझ्याकडून घेतला, जसं बाळ घेतात तसा, डोक्याखाली हात देऊन. मग टॉवेल सोडला आणि मोहरी वाटायला बसली.

वाटलेली मोहरी, हळद आणि व्हिनेगर. तेलात आख्ख्या लसणीच्या पाकळ्या, छोटे आख्खे कांदे, उभ्या चिरलेल्या मिरच्या, त्यावर तो पिवळा गोळा, कच्चा वास जाईपर्यंत परतायचा आणि तळलेले तुकडे त्यात घोळवायचे. मी ताट घेऊन तयार होते. तिने बरणीत भरून झाकण लावलं आणि म्हणाली, उद्या. विंदाय मुरावं लागतं. दुसऱ्या दिवशी गार, भातावर. मोहरीचा झणका आधी नाकात जातो, मग आंबट येतं आणि मागून कांदा गोड लागतो, कारण कांदा रात्रभर सगळं पिऊन बसलेला असतो. माशाच्या लोणच्याला इतकी मऊ चव असते हे मला माहीत नव्हतं.

ऑक्टोपसला तिथे 'ऊरित' म्हणतात. ओहोटीला लोक भाला घेऊन प्रवाळाच्या उथळावर चालत जातात आणि बिळातून काढतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याला बंदी असते, पिल्लं वाढावीत म्हणून. आम्ही मेमध्ये होतो, त्यामुळे मिळालं. तांतीनने कच्च्या पपईच्या फोडी घालून कालवण केलं. पपईने ते मऊ पडतं, आपण मटणाला लावतो तसंच. ताईने आधी नको म्हटलं, मग एक तुकडा घेतला, मग रस्सा भातावर ओतून घेतला. मी तिच्याकडे बघितलं नाही, उगाच तिला संकोच नको.

सोमवारी माएबूरला मोठा बाजार भरतो. भाज्यांची नावं विचारत आम्ही दोन तास फिरलो. दोडका 'पिपेंगाय', पडवळ 'पातोल', कारलं 'मार्गोज', भेंडी 'लालो', कोथिंबीर 'कोतोमिली', कढीपत्ता 'कारिपुले'. यातली कित्येक नावं तमिळ घरांतून आलेली. स्वयंपाकघरात कढईला 'कराय' आणि पातेल्याला 'देक्सी'. जे लोक बोटीतून आले त्यांच्याजवळ सामान काय असणार? पण शब्द आणले. एका म्हातारीकडे लाल, करवंदाएवढे पेरू होते, 'गोयाव द शीन'. ती कागदाच्या पुडीत घालून वर मीठ-मिरची भुरभुरून देते. ते खात खात आम्ही समुद्राच्या कट्ट्यावर बसलो. समोर सिंहाच्या आकाराचा डोंगर आणि मध्ये होड्या.

त्याच बाजारात ढोल पुरी. मॉरिशसमध्ये हे नाव घेतल्यावर लोकांचा चेहरा उजळतो. नाव पुरीचं, पण पदार्थ तळलेला नाही, डाळ भरून लाटलेली तव्यावरची पोळीच. पातळ कागदावर दोन पुऱ्या एकावर एक, कारण ती कायम जोडीनेच विकतात. त्यात पांढऱ्या मोठ्या वालांची आमटी, रुगाय, कोथिंबिरीची चटणी, आणि "पिमाँ?" असं विचारून मिरची. गुंडाळी करून हातात. मी पहिला घास घेतला आणि चावायची थांबले. पोळी इतकी पातळ की कागद आणि पोळी यात बोटाला फरक कळेना, आणि तरीही आत डाळ सगळीकडे सारखी. कुठे गुठळी नाही, कुठे रिकामं नाही. असं लाटायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

मी त्या गाड्यावरच्या काकांना हिंदीत सांगितलं की मीही हेच काम करते. त्यांनी माझा अंगठा बघितला, पट्ट्याची खूण बघितली, आणि त्यांचा स्वतःचा अंगठा दाखवला. तिथेच गाठ आलेली. म्हणाले, पहाटे चारला या.

पहाटे चारला आम्ही दोघी गेलो. घराच्या मागे पत्र्याची शेड, दोन मोठे तवे, आणि वाटाण्याची पिवळी डाळ हळद घालून शिजत होती. ते मध्येच एक दाणा काढून बोटांत दाबत. डाळ मोडली पाहिजे, पण तिचा गाळ होता कामा नये. बरोबर, पुरणाची डाळही अशीच बघतात. मग डाळ चाळणीवर उपसली. खाली पिवळं पाणी जमलं, आपलं येळवणी. मला वाटलं, आता याची आमटी. त्यांनी ते पाणी सरळ मैद्याच्या परातीत ओतलं. म्हणाले, "दाल का पानी फेंकना नहीं, उसी से आटा." बावीस वर्षं मी कटाची आमटी करतेय. पण ते पाणी पिठातच परत घालायचं, म्हणजे वरच्या कातडीला आतल्या डाळीची चव येते आणि दोन्ही एकजीव होतात, हे मला सुचलं नव्हतं. डाळ कोरडी होईपर्यंत पसरून निवू दिली, जिऱ्याबरोबर दळली. पुरण ओलं असतं, हे सारण पिठासारखं भुरभुरीत. उंड्यात भरून तोंड बंद करायचं, आणि मग लाटणं. त्यांचं लाटणं मधून वळत नव्हतं, कडेकडेने वळत होतं. पोळी स्वतः फिरत होती. मी बघतच राहिले. माझे हात शिवशिवत होते, पण ताईने मागून माझा पदर धरून ठेवला होता.

त्यांचे पणजोबा बिहारमधून आले. गुलामगिरी बंद व्हायच्या सुमारास, १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर माणसं आणायला सुरुवात झाली आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत लाखो लोक या बेटावर उतरले. पणजोबांची दाल पुरी सणाची होती, काकांची रोजची आहे. उजाडायच्या आत त्यांनी काचेची पेटी भरली, मोटरसायकलच्या मागे बांधली आणि गेले.

एक दिवस आम्ही बसने पोर्ट लुईला गेलो, ते ही माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट बघायला. काळ्या दगडांच्या भिंती, थोड्या पायऱ्या, आणि समोर आता मोठ्या रस्त्याची रहदारी. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. तिथे मला फार बोलता आलं नाही. नंतर बाजारात आलुदा प्यायलो, थंड दूध, त्यात सब्जा आणि चायनाग्रासचे तुकडे. परतीच्या बसमध्ये आमचं बोलणं ऐकून मागच्या सीटवरच्या बाई पुढे वाकल्या. "तुम्ही मराठी?" त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे. चार वाक्यं मराठीत बोलल्या, सावकाश, एकेक शब्द शोधून, मग हिंदीवर आल्या. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. उतरताना म्हणाल्या, "बरं, येते हां." जाते नाही म्हणाल्या. पाच-सहा पिढ्या आणि एवढा समुद्र मध्ये असून ते टिकलं होतं. ताईने डोळे पुसले.

रविवारी किनारा वेगळाच असतो. सुरूच्या झाडांखाली, तिथे त्याला 'फिलाओ' म्हणतात, अख्खी कुटुंबं देक्सी घेऊन येतात. चटया, खुर्च्या, ढोलकी, बिर्याणी. किनारा सगळ्यांचा, कुणाला अडवता येत नाही. तांतीनच्या गोतावळ्यात आम्हालाही बसवलं. त्या दुपारी तिने २०२० ची गोष्ट सांगितली. २५ जुलैला वाकाशिओ नावाचं जहाज इथूनच दिसणाऱ्या कड्यावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल सुटलं, हजारेक टन. हा सगळा शांत भाग काळा झाला. लोक कुणाची वाट बघत बसले नाहीत. उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि पाण्यावर तेल अडवायला सोडल्या. तांतीन रात्रंदिवस शिवत होती. बायकांनी केस कापून दिले, केसांना तेल चिकटतं म्हणून. किती तरी महिने मासेमारी बंद होती. ती सांगत होती आणि तिचा नातू त्याच पाण्यात उड्या मारत होता. मी आठवडाभर ज्या पाण्यात हात सोडून बसत होते ते कुणीतरी स्वतःच्या हातांनी परत मिळवलेलं पाणी होतं. मला त्या दिवशी त्यात उतरताना आधी वाकून नमस्कार करावासा वाटला, आणि केला.

शेवटच्या संध्याकाळी तांतीनने मला विचारलं, तू काय बनवतेस? मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "चारच कर." 

बाजारातून हरभऱ्याची डाळ आणली. गूळ नव्हता, पण तिथली काळी, ओलसर, काकवीच्या वासाची साखर होती. पुरणाला गुळापेक्षा जास्त पाणी सुटलं, आटवायला वेळ लागला, पण रंग असा आला की मी वेलदोडा घालायच्या आधी नुसतंच चाटून बघितलं. पुरणयंत्र नव्हतं. पुरण तांतीनने पाट्यावर वाटलं, बाबा दोन्ही हातांत धरून. येळवणी मी बाजूला ठेवलं होतं. तिने परातीकडे बोट दाखवलं. मीही तेच मनात धरलं होतं. कणीक तिने त्याच पाण्यात भिजवली, तेल लावून झाकून ठेवली.

दहा दिवसांनी लाटणं हातात घेतलं. तिचं लाटणं माझ्यापेक्षा बारीक होतं, दोन फेऱ्यांत जमलं. पहिली पोळी तव्यावर टाकली, फुगली, उलटली. मी दुसरा उंडा भरायला घेतला. तेवढ्यात तांतीनने पहिली पोळी ताटात काढली, वर लोणी सोडलं आणि ताट माझ्यापुढे ठेवलं.

मी सवयीने म्हटलं, "आधी तुम्ही."

तिने माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "मांजे." खा. आणि माझा अर्धा भरलेला उंडा स्वतः पुढे ओढून लाटायला लागली, कडेकडेने.

पोळी अजून फुगलेलीच होती. तुकडा तोडला तशी आतली वाफ बोटांना लागली. पुरण कडेपर्यंत गेलं होतं.